चाकावरचा लाल धागा
दसऱ्याला शिलाई मशीन पुसताना तेलाचा वास हाताला लागला आणि इंग्रजांच्या राज्यातलं आमगावचं माझं पहिलं दुकान आठवलं. तेव्हा दर दसऱ्याला मशीनची पूजा झाली की वर्षभरात नवीन काय शिकणार ते मी मोठ्याने बोलायचो आणि बायको चाकाला लाल धागा बांधायची. शिकून झाल्याशिवाय तो सोडायचा नाही. त्या वर्षी मी कोट शिकणार म्हणालो. पण धानकापणीनंतर लग्नसराई आली, गिऱ्हाइकांच्या बंड्या आणि सदरे शिवता शिवता कोट राहूनच गेला आणि चैत्रात तेलाने काळा पडलेला धागा आपोआप तुटला. मला तर सुटल्यासारखंच वाटलं, हसूच आलं. "काऊन हासून राहिले जी?" बायको म्हणाली. "धागा तुटला, पण कोट कुठी हाये?" तिने नवा धागा बांधला, बाजारातून कुण्या रेल्वे गार्डाचा जुना कोट आणला आणि माझ्यापुढे टाकला. मी तो टाका टाका उसवला, जोडला, पुन्हा उसवला. बाही काही केल्या बसेना. बसली ती पावसाळा सरता सरता. दसऱ्याला धागा तिनेच सोडला. आज ती नाही. मशीनपुढे उभा राहून मी "यंदा सफारी सूट" असं मोठ्याने बोललो. धागा मलाच बांधावा लागला. गाठ तिच्यासारखी घट्ट बसेना, म्हणून सोडली आणि पुन्हा बांधली.