बाबांच्या पाठीमागचं सांबर

बाबांना टीव्हीवर जंगल बघायचं वेड आहे. तेही आवाज बंद करून. "ऐकू येतच नाही तर वीज कशाला जाळायची," म्हणतात, जणू आवाजाचं बिल वेगळं येतं. अंबरनाथच्या एका कारखान्यात पत्रे ठोकायच्या प्रेसवर त्यांची सगळी नोकरी झाली आणि कान तिथेच राहिले. कानाचं मशीन घेतलंय, पण ते शिट्टी मारतं म्हणून कपाटात असतं. त्यामुळे कात्रपच्या आमच्या फ्लॅटमध्ये सगळे ओरडूनच बोलतात. आज आमच्याकडे भाजी कुठली ते शेजाऱ्यांना आधी कळतं.

पूर्वी असं नव्हतं. प्रेसच्या धडधडाटात कामगार हातांनी बोलायचे. ती भाषा बाबांनी घरी आणली आणि आईला शिकवली. वर धरलेली मूठ म्हणजे मशीन थांबव, हलू नकोस. दोन बोटं म्हणजे अर्धा कप चहा. माझ्यापासून काही लपवायचं असलं की दोघं हातांनीच बोलत. काय बोलताय म्हणून विचारलं की आई म्हणायची, "तुला काय करायचंय?" आणि मी चिडून रडायचे. बाबा निवृत्त झाले, ती भाषा आपोआप बंद पडली आणि आम्ही आवाज वाढवला.

मी गाडी घेतली तेव्हा बाबांनी एकच गोष्ट मागितली. "एकदा तरी मोठं जनावर मोकळं बघायचंय. पिंजऱ्यातलं नको, टीव्हीतलं नको." मी म्हटलं, चला, कुमाऊंला जाऊ, तंबूत राहू. घराजवळच डोंगराच्या पायथ्याला, चामटोलीला राहणाऱ्या मावशीने आम्हाला वेड्यातच काढलं. "आमच्या डोंगराला बिबट्या येतोय, फुकटात बघा की!" तंबू उल्हासनगरच्या बाजारातून घेतला. दुकानदार सिंधी काका छातीठोकपणे म्हणाले, "बेटा, तूफान आ जाए, ये नहीं हिलेगा." पहिल्याच मुक्कामी, वारा नसताना, तो आमच्या अंगावर कोसळला. आई कापडाखालून त्या काकांचा उद्धार करत होती आणि बाबा तिच्या शेजारी निवांत घोरत होते.

जनावरं दिसत नव्हती असं नाही. मध्य प्रदेशात रस्त्याच्या कडेला नीलगाय उभी होती. मी आणि आई एकदम ओरडलो, "बाबा, ती बघा!" "अहो, तिकडे!" बाबा म्हणाले, "काय?" आणि नीलगाय पसार. तराईत चितळांचा कळप दिसला, तिथेही तेच. डोंगरात लांब शेपटीचं काहीतरी रस्ता ओलांडून गेलं, तेव्हाही तेच. बाबांची मान वळेपर्यंत नुसतं झुडूप हलत असायचं. मग ते आमची समजूत काढल्यासारखं म्हणायचे, "झुडूप छान होतं." मला हसू यायचं आणि वाईटही वाटायचं. एवढ्या लांब आणून मी त्यांना झुडपं दाखवत होते.

शेवटचा मुक्काम एका ओढ्याजवळ होता. गावातल्या लोकांना विचारून आम्ही तंबू ठोकला. सकाळी चहा झाला की परतीला लागायचं, असं ठरलं होतं. उजाडलं तेव्हा आई आणि मी स्टोव्हपाशी होतो आणि बाबा आमच्याकडे तोंड करून, ओढ्याकडे पाठ करून, दगडावर बसून बूट घालत होते. तेवढ्यात त्यांच्या मागे पलीकडच्या काठावर सांबर आलं. नर होता. शिंगं इतकी मोठी की आधी मला वाटलं, वाळकी फांदीच चालत येतेय. ते पाणी प्यायला वाकलं.

"बाबा" माझ्या जिभेवर आलंच होतं. आईने झटकन माझ्या तोंडावर हात दाबला. आल्याचा वास येणारा तो हात तिने तसाच ठेवला, दुसरा हळूहळू वर नेला आणि मूठ वळली.

चहा झाला का बघायला बाबांनी मान वर केली आणि ते जागच्या जागी थिजले, बुटाची नाडी हातात तशीच. इतक्या वर्षांनी ती सवय अजून त्यांच्या अंगात होती. आईने मूठ सोडली आणि अंगठ्याने सावकाश 'मागे बघा' अशी खूण केली. बाबा आधी मानेने वळले, मग खांद्याने.

सांबराने तोंड वर केलं. तोंडातून पाणी गळत होतं. ते बाबांकडे बघत राहिलं आणि बाबा त्याच्याकडे. चहा उतू गेला, कोणी हललं नाही. माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि मी ते पुसलंही नाही. मग कसलीही घाई न करता सांबर वळलं आणि चढणीवरच्या झाडांत शिरलं.

आता बाबांचा आवाज दरीभर घुमणार, असं मला वाटलं. पण ते आईकडे वळले आणि त्यांचे हात चालू झाले. आईचेही झाले. किती वेळ दोघं बोलत होती! मधेच आई लाजून हसली. मला त्यातली शेवटची दोन बोटं तेवढी कळली.

"काय म्हणाले गं?" मी विचारलं.

"तुला काय करायचंय?" म्हणत आईने पातेलं पुन्हा स्टोव्हवर चढवलं.

मी कप विसळायला घेतले. इतकं बरं मला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.