बर्फ, खडीसाखर आणि चौथी बाटली

मंडळी, आधीच सांगतो, मी भुताखेतांवाला माणूस नाही. दुकानाच्या दारात कुणी उतारा टाकला तर त्यातला नारळ बाजूला ठेवून बाकीचं झाडून काढणारा मी... आयुष्य गेलं वासाच्या आणि चवीच्या धंद्यात. कशात काय मिसळलंय ते जिभेवर ठेवून सांगायचं, हेच काम. त्यामुळे जगात जे काही होतं त्याचं कारण शोधलं की सापडतं, असं मानत आलो. फक्त एका दुपारचं सापडलेलं नाही. इथे बरेच जण मोकळेपणाने लिहितात म्हणून मीही लिहितोय. नावं बदलली आहेत, बाकी सगळं जसं घडलं तसं.

सत्तरच्या दशकातली सुरुवातीची वर्षं. सोलापूरला सात रस्त्याजवळ आमचं दुकान होतं. शरबतवाले, सोडावाले, कुल्फीवाले यांना लागणारे एसेन्स आणि रंग आम्ही विकायचो. पुढे दुकान, मागे पत्र्याचं गोडाऊन. गोडाऊनला एक दार दुकानात उघडायचं, दुसरं मागच्या बोळात. भिंतीला लाकडी मांडणी आणि तिच्यावर काचेच्या बरण्या — केवडा, वाळा, गुलाब, बडीशेप. आत पाऊल टाकलं की नवख्या माणसाचं डोकं दुखायचं. आम्हाला सवय.

माझे दोन जुने दोस्त. एक शिवानंद. आम्ही दोघं एकाच गल्लीतले लिंगायत, घरात कानडी-मराठी दोन्ही. तो शिकून मालवाहू जहाजावर इंजिनिअर झाला होता. वर्षाकाठी रजेवर यायचा, येताना साबण, ब्लेड, कसली कसली चॉकलेटं आणायचा. आणि दुसरा नरसय्या. पद्मशाली, घरी तेलुगू, चादरीचे माग. एवढा शांत माणूस मी पाहिला नाही. तुटलेला धागा जोडताना त्याच्याकडे बघत राहावं असं वाटायचं, इतका हात हलका. त्याचे वडील दारूपायी गेले होते, म्हणून तो थेंबाला शिवत नसे. पण आम्ही बसलो की येऊन बसायचा, शेंगदाणे खायचा, आणि आम्हाला घरापर्यंत पोचवायचा.

त्या उन्हाळ्यात शिवानंद रजेवर आला तो एक लाकडी खोकं घेऊन. आत भुश्यात चार बाटल्या. अ‍ॅबसिंथ, कडू वनस्पतींची विलायती दारू. मी नाव तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. म्हणाला, युरोपात कितीतरी देशांनी यावर बंदी घातली होती, पिऊन माणसं खून करतात असं म्हणून. मी हसलो. आमच्याकडे हातभट्टी पिऊन होत नाहीत का, म्हटलं. तो म्हणाला, "तुझी जीभ पाहिजे बे मला. चारी वेगवेगळ्या हायत. काय फरक हाय ते तू सांग."

परमिटशिवाय असला माल जवळ बाळगणं म्हणजे पोलिसांना बोलावणंच. म्हणून रविवारी, दुकान बंद असताना, भर दुपारी गोडाऊनमध्ये बसायचं ठरलं. बाहेर ऊन असं की रस्त्यावर कुत्रं नव्हतं. मी कारखान्यातून बर्फाची लादी आणून गोणपाटात गुंडाळून ठेवली होती, ती फोडायला लाकडी मुठीचा अणकुचीदार टोच्या. ही दारू प्यायची रीत अशी की ग्लासवर भोकाचा चमचा ठेवायचा, त्यावर साखरेचा खडा, आणि वरून गार पाणी थेंब थेंब सोडायचं. तो चमचा कुठून आणणार... चहाची गाळणी घेतली. साखरेच्या वड्या नव्हत्या, खडीसाखर घेतली. ती काही लवकर विरघळत नाही. पाणी सोडायचं काम अर्थातच नरसय्याकडे. शिवानंद म्हणाला, आपल्यात शुद्धीवरचा आणि हात न थरथरणारा हा एकटाच.

पहिली स्पेनची. हिरवीगार, आमच्याकडच्या खस शरबतासारखी. मला रंगाचाच संशय आला, आणि तो खराही असावा. पाणी पडलं तशी ती गढूळ झाली, पातळ ताकासारखी. चव बडीशेपेची, पण आपल्या बडीशेपेची नव्हे, चक्रीफुलाची. गोड, सरळ, फारसं काही न लपवणारी. दुसरी फ्रान्सची. तिथे खऱ्या अ‍ॅबसिंथवर बंदी म्हणून तिच्याऐवजी जे निघालं ते. ती पिवळट, तिच्यात ज्येष्ठमध इतका की घसा बसल्यावर चघळतो त्याची आठवण झाली. कडूपणा नावालाही नाही. तिसरी स्वित्झर्लंडची, कुणीतरी घरात चोरून गाळलेली. बाटलीत पाण्यासारखी स्वच्छ. पण थेंब पडू लागले तशी आधी निळसर झाक आली, मग दुधासारखी झाली. ही मला खरी आवडली. खऱ्या बडीशेपेचा गोडवा, आणि मागून येणारा कडवटपणा थेट आपल्या दवण्याचा. मी म्हटलं, हे दवण्याच्या कुळातलं झाड आहे. शिवानंद खूष. म्हणाला, तिकडचे लोक वर्मवुड म्हणतात, तेच ते.

एवढं सगळं मिळून आम्ही फार प्यायलो नव्हतो. घोट घोट चाखणंच चाललं होतं. मी सवयीने थुंकतही होतो. हे मुद्दाम सांगतोय.

चौथ्या बाटलीला लेबल नव्हतं. काच जाड, बुचावर मेण. कुठल्याशा बंदरात एका जुन्या घराचं तळघर रिकामं करत होते, तिथल्या म्हातारीकडून त्याने ती घेतली होती. आतली दारू हिरवी नव्हती, वाळलेल्या पानासारखी तपकिरी. वास घेतला आणि पुन्हा घेतला. दवणा होताच, ओव्यासारखं काहीतरी होतं, आणि तळाशी ओल्या दगडाचा, बंद खोलीचा वास. वाईट नव्हता. पण मला तो ओळखता येईना, आणि असं माझं कधी होत नसे.

नरसय्याने पाणी सोडायला सुरुवात केली. बराच वेळ ती गढूळ होईना. मग एकदम झाली, जाड, पिवळट. मी एक घोट घेतला, तोंडात फिरवला, गिळला. खूप कडू. शिवानंदने घेतला. नरसय्या माझ्या दुसऱ्या ग्लासात थेंब सोडत होता.

शिवानंद ग्लास खाली ठेवून पुढे वाकला आणि नरसय्याला हळू आवाजात काहीतरी म्हणाला. तो थट्टेत नरसय्याशी मोडकं तेलुगू बोलायचा, मला वाटलं तेच. शिवानंद हसत होता. पण ते हसणं मी त्याच्या तोंडावर कधी पाहिलं नव्हतं. समोरच्याला पुरतं खाली पाडल्यावर माणूस हसतो, तसं.

नरसय्याने पाण्याचं भांडं खाली ठेवलं. अगदी सावकाश. मग टोच्या उचलला आणि शिवानंदच्या तोंडावर मारला.

मला आधी कळलंच नाही. आवाज झाला तो बर्फ फोडल्यासारखा. शिवानंदच्या डोळ्यातून रक्ताची धार गालावर आली आणि तो खुर्चीसकट मागे गेला. नरसय्या टेबल ओलांडून त्याच्या अंगावर. दुसरा घाव खांद्यात, तिसरा गळ्याच्या बाजूला, थोडक्यात हुकला. मी मागून नरसय्याला मिठी मारली. किडकिडीत माणूस तो, मी त्याला एका हाताने उचलला असता. त्याने मला झटकलं ते मी मांडणीवर जाऊन आदळलो. मांडणी कोसळली, बरण्या फुटल्या. केवडा, गुलाब, वाळा सगळं फरशीवर, त्यात काचा आणि रक्त. मी पुन्हा धरायला गेलो तेव्हा त्याने टोच्या माझ्या तळहातातून आरपार घातला, माझ्याकडे न बघताच, आणि उपसून घेतला.

आणि हे सगळं होत असताना तो बोलत होता. ओरडत नव्हता. ठाम, थकलेल्या आवाजात, खूप दिवस मनात धरून ठेवलेलं सांगावं तसं. ते तेलुगू नव्हतं, मला ऐकून ऐकून तेलुगू चांगलं समजतं. मराठी, कानडी, हिंदी, इंग्रजी काहीच नव्हतं. त्याहून भयंकर म्हणजे खाली पडलेला शिवानंद त्याला उत्तर देत होता. त्याच भाषेत. एक डोळा फुटलेला, तोंडात रक्त, आणि तो मदत मागत नव्हता, हात जोडत नव्हता... तो भांडत होता. मध्येच पुन्हा हसला. दोन माणसं आपलं जुनं भांडण संपवत असावीत आणि मी चुकून त्यांच्या घरात शिरलेला तिऱ्हाईत असावा, असं मला वाटलं.

नरसय्याने त्याचे केस धरून डोकं मागे ओढलं आणि टोच्या नेमका गळ्यावर धरला. माझ्या हाताशी गोटीसोड्याची भरली बाटली आली. तीच मी त्याच्या डोक्यात घातली. तो आडवा झाला. त्याच क्षणी शिवानंदही बोलायचा थांबला आणि किंचाळायला लागला, मराठीत, आईला हाका मारत.

मी त्याच्या डोळ्यावर धोतराचं फडकं दाबून बसलो होतो, तेवढ्यात नरसय्या हलला. उठून बसला. माझ्याकडे बघून नेहमीच्या आवाजात म्हणाला, "पानी सोडू का अजून?"

मग त्याचं लक्ष स्वतःच्या हाताकडे गेलं. मनगटापर्यंत लाल. त्याने ते हात अंगापासून लांब धरले, जणू दुसऱ्या कुणाचे आहेत. शिवानंदकडे पाहिलं. "कोन केलं हे?" त्याने मला विचारलं. मी टोच्याकडे बघितलं. मग त्याला कळलं. तो मोठ्याने रडला नाही. नुसता फरशीवर काचांत बसून राहिला.

दवाखान्यात न्यायच्या आधी मी चारी बाटल्या मोरीत रिकाम्या केल्या, हे पोलिसांच्या भीतीने. त्यामुळे तपासायला काही उरलं नाही, हे मला ठाऊक आहे. डॉक्टरांनी आणि नंतर हवालदाराने विचारलं तेव्हा ऑपरेशननंतर शुद्धीवर आलेल्या शिवानंदने सांगितलं की मांडणी अंगावर पडली. त्याने तेच कायम सांगितलं. आपल्या आईलासुद्धा. माझ्या घरी मात्र शारदाला, माझ्या बायकोला, मी खरं सांगितलं. ती म्हणाली, नरसय्याभाऊजींनी चोरून घेतली असेल. पण मी समोर बसलो होतो. त्याच्या तोंडाला वास नव्हता. मी त्याला उठवताना वाकून मुद्दाम बघितलं होतं. आणि वास ओळखण्यात मी चुकत नाही.

शिवानंदचा डोळा गेला. डोळ्याबरोबर जहाजावरची नोकरी गेली. इथल्याच एका गिरणीच्या वर्कशॉपमध्ये लागला. नरसय्या दवाखान्यात रोज यायचा आणि वॉर्डाच्या बाहेर जिन्यावर बसायचा, आत येत नसे. शेवटी शिवानंदने मला पाठवलं त्याला आणायला. आत आल्यावर नरसय्या पायांशी उभा राहिला. शिवानंद म्हणाला, "हितं बस की. पायाशी काय उभारलायस." तो बसला. त्या दुपारविषयी ते दोघं पुन्हा कधी बोलले नाहीत, निदान माझ्यासमोर तरी. मैत्री राहिली. फक्त दोघांना एकटं सोडून मी कधी उठलो नाही, वर्षानुवर्षं.

मी माझ्यापरीने शोध घेतला. शिवानंदचा एक जहाजावरचा सोबती नंतर त्या बंदरात गेला होता, त्याने त्या म्हातारीला गाठलं. ती म्हणाली, तळघरातल्या बाकीच्या बाटल्या तिनेच संपवल्या, झोप छान लागते. त्या घरात कधी काही वाईट घडल्याचं तिला माहीत नव्हतं. पुण्याला फ्रेंच आणि स्पॅनिश शिकवणाऱ्या एका प्राध्यापकांना, मला आठवत होते ते दोन-तीन उच्चार करून दाखवले. ते नम्रपणे म्हणाले, यातलं काही लागत नाही, आणि अशा प्रसंगी माणसाचा कान दगा देतो. देत असेल. कान माझा देईल. पण नाक?

नरसय्या काही वर्षांपूर्वी गेला, त्याच्या झोपेतच. स्मशानातून मी आणि शिवानंद रिक्षाने परत येत होतो. दोघंही म्हातारे. तो बाहेर बघत होता. मग माझ्याकडे न वळता म्हणाला,

"गुरू, त्याची चूक नव्हती. आधी मी बोललो त्याला."

मी विचारलं, काय बोललास?

"ते आठवत न्हाय. शपथ. पण एवढं आठवतंय... बोलल्यावर लई बरं वाटलं होतं."

रिक्षा सात रस्त्याला आली तसा तो उतरला. हे का झालं, मला आजही सांगता येत नाही. कुणी म्हणेल दारू. पण मंडळी, ज्याने मारलं तो प्यायलाच नव्हता, आणि मी प्यायलो होतो, मला काहीच झालं नाही.