दर्शनी भाग

आईचा फोन आला तेव्हा मी चंद्रपूरला कॉलेजच्या वाचनालयात होते. "बाई गेल्या वं पोरी..." एवढंच ती म्हणाली आणि मग नुसती रडत राहिली. गडचिरोलीला आमच्या शेजारी राहणाऱ्या सिंधूबाई, निवृत्त नर्स आणि आमच्या सोसायटीच्या सचिव, सकाळी चहा घेता घेता गेल्या होत्या. लिहायला संकोच वाटतो, पण खरं तेच लिहिते. मला आधी दुःख झालं नाही. आधी मनात आलं की आता आई माझी होईल. याला दीड महिना झाला, आणि तो विचार मनात आल्याची लाज अजून गेली नाही.

आम्ही मूळचे सावली या गावाजवळच्या एका खेड्यातले. मी दहावीत असताना गडचिरोलीच्या या ले-आउटमध्ये दोन खोल्या बांधून राहायला आलो. बाबा इथे बाजारात मासे विकू लागले, पण तलावावर जायची सवय त्यांनी सोडली नाही. घर आमचं होतं, पण घराचं तोंड सोसायटीचं होतं. कुंपणाची भिंत बदामीच हवी, समोर कपडे वाळत घालायचे नाहीत, तणशीचा ढीग नको, रविवारी ज्याने त्याने आपल्या दारापुढची नाली साफ करायची. रोज सकाळी बाई छत्री घेऊन सगळ्या गल्ल्यांतून फिरत. त्या येताना दिसल्या की बायका दोरीवरचे टॉवेल ओढून आत पळत.

पहिल्याच उन्हाळ्यात बाईंच्या अक्षरातली नोटीस आली. आमच्याकडे उन्हाळ्यात दारापुढे फांद्यांचा मांडव घालतात. तो वाळला की कचरा होतो, म्हणून सोसायटीने ठरवलं, 'दर्शनी भागात मांडव घालू नये. फक्त हिरवी जाळी लावावी.' घरात वाचणारी मी एकटीच. मी मोठ्या रुबाबात वाचून दाखवलं. बाबा खूश झाले. "हिरवी ना? आपल्यापाशी हाये ना!" म्हणाले, आणि आपलं हिरव्या नायलॉनचं मासे धरायचं जाळं त्यांनी दारापुढे चार बांबूंना ताणून बांधलं. मलाही त्यात काही चुकलंसं वाटलं नाही. दुकानात सावलीसाठी वेगळी जाळी मिळते, हे मला तरी कुठे माहीत होतं... दुपारपर्यंत गल्ली जमली. जाळ्यातून ऊन जसंच्या तसं खाली पडत होतं. "काय भाऊ, आता मासे वरून पडतेत का?" कोणीतरी ओरडलं आणि सगळे हसले. मी दाराच्या फटीतून बघत होते. मरावंसं वाटलं.

तेवढ्यात बाई आल्या. त्यांनी छत्री मिटली, वर बघितलं आणि विचारलं, "नोटीस कोणी वाचली?" आई घाबरत म्हणाली, "पोरीनं." बाईंनी नोटीस मागवली, दोनदा वाचली. "पोरीनं बरोबर वाचली. लिहिणारी चुकली," असं म्हणून त्यांनी 'जाळी'च्या आधी पेनने 'सावलीची' असा शब्द घातला आणि मोठ्याने वाचून दाखवला. बाबांनी हात जोडले. "बाई, हे बी सावलीचंच हाये. तिथल्याच बाजारातून घेतलं." क्षणभर कोणाला कळलंच नाही. मग बाई हसायला लागल्या. त्यांना हसताना गल्लीने पहिल्यांदाच पाहिलं असावं. संध्याकाळी त्यांनी स्वतःच्या घरची उरलेली जाळी आणून दिली.

त्या दिवशी बाईंनी माझी लाज राखली, आणि त्याच दिवसापासून आई त्यांची झाली. मी आईला अक्षरं शिकवायला दोनदा पाटी आणली होती. दोन्ही वेळा ती म्हणाली, "आता या वयात काय शिकू वं?" बाईंच्या पायरीवर बसून मात्र ती शिकली. मी कॉलेजला चंद्रपूरला गेले, आणि सुट्टीत घरी यावं तर प्रत्येक वाक्यात 'बाई म्हणते'. एका दिवाळीत ती शेजारणीला सांगत होती, "दर्शनी भागात नाई ठेवाचं ते." दर्शनी भाग! माझ्या आईच्या तोंडी! आमच्या घराण्यात कॉलेजला गेलेली मी पहिली. असे शब्द घरी मी आणायचे होते. "तू बाईची कामवाली झाली का?" मी भांडले. आई चिडली नाही. "काऊन जळून राह्यली वं?" एवढंच तिने विचारलं. बाई एकदा फाटकात थांबून मला म्हणाल्या होत्या, "तुझी आई दिवसभर तुझंच सांगते." मला ते खोटं वाटलं. मी हसले नाही, बसा म्हटलं नाही. ती आमची शेवटची भेट...

आता फेरी आई काढते. बाईंची वही तिच्याकडे आहे. त्यात एकेका घराच्या नावापुढे बाईंनी 'गेट गंजले', 'नाली तुंबली' असं लिहिलेलं आहे. गेल्या रविवारी मी तिच्याबरोबर गेले. बाईंच्या बंद घरापुढे कडुनिंबाची पानं साचली होती. आईने वही उघडली, थांबली, आणि मला विचारलं, "पाचोळा कसा लिवतेत वं?"

इतक्या वर्षांत तिने मला पहिल्यांदा अक्षर विचारलं. विचारायला दुसरं कोणी उरलं नव्हतं, हे मला कळत होतं. तरी मी घाईघाईने सांगितलं, 'च'ला काना-मात्रा, शेवटी 'ळा'. तिने पेन टेकवलं आणि उचललं. "राहू दे. बाईच्या नावासमोर असं नाई लिवाचं." वही माझ्या हातात देऊन तिने आमच्या घरून खराटा आणला, पायरीपासून रस्त्यापर्यंत सगळं झाडलं. मग पदराला हात पुसून वही परत घेतली आणि बाईंच्या नावापुढे लिहिलं, 'स्वच्छ'. जोडाक्षरांसकट, एका दमात.

तो शब्द तिला कोणालाच विचारावा लागला नाही.