काढायचा की ठेवायचा?

आधी एक बोट वर जायचं. जर्मनीत वर्गात हात नव्हे, बोटच वर करतात. पण डॉक्टरांचं बोट जरा आत वळायचं, जणू समोरच्या हवेचं तोंड उघडून ते आत बघताहेत. मग प्रश्न यायचा, "आल्झो," म्हणजे 'तर मग', "काढायचा की ठेवायचा?"

हॅम्बर्गच्या विद्यापीठात आमचा विषय होता अमेरिकेच्या परराष्ट्र धोरणातले आजचे पेच. डॉक्टर विद्यार्थी नव्हते. निवृत्त दंतवैद्य होते. इथं पेन्शनर माणसं हौसेनं वर्गात येऊन बसतात, तसे ते पहिल्या बाकावर बसत. असा उत्साही गृहस्थ तुम्हीही पाहिला असेल, तर तुम्हाला आमच्या प्राध्यापिकेची दया येईल. डोईजड झालेलं मित्रराष्ट्र असो, निर्बंध असोत की लांबलेलं युद्ध, डॉक्टरांना सगळीकडे दातच दिसायचे.

"हेर डॉक्टर, तो देश आहे, दात नाही," बाई म्हणायच्या.

"गेनाऊ! अगदी बरोबर! दाताला निदान भूल देता येते."

मी परंड्याची. घरातली पहिली पदवीधर. फोनवर बाबा विचारायचे, "अगं, अमेरिकेचं शिकायचं तर जर्मनीला कशाला गेलीस?"

"इथं फी नाही, बाबा."

"मग बरोबर आहे," म्हणून ते समाधानानं फोन आईकडे द्यायचे.

पहिल्याच सत्रात माझं रेफेराट आलं, म्हणजे वर्गापुढचं भाषण. ते फसलं की विषय राहिला, आणि विषय राहिला तर बाबांना काय सांगणार? इथलं अमेरिकी सैन्य अमेरिकेनं ठेवावं की परत न्यावं, यावर बोलायचं होतं. कशीबशी अर्ध्यावर पोचले, तोच डॉक्टरांनी बाक ठोकला. मागोमाग अख्ख्या वर्गानं. आमच्या शाळेत गुरुजींनी टेबल ठोकलं की गप्प खाली बसायचं. मी बसले.

"आणि निष्कर्ष?" बाईंनी विचारलं. माझे कान तापले.

बोट वर गेलं. "फ्राउ शिंदे, बसलात का? आम्हाला आवडलं. आवडलं की इथं बाक वाजवतात." मग थेट दवाखान्यातला आवाज, "चला, तोंड उघडा. मोठ्ठं. अजून थोडं."

वर्ग खो खो हसला. मीही हसले. तोंड उघडलंच होतं, तर बोलून टाकलं, "ठेवावं. पण दर सहा महिन्यांनी तपासून बघावं."

"कोलेगिन!" डॉक्टर ओरडले. म्हणजे त्यांच्याच व्यवसायातली बाई.

मी पास झाले. बक्षीस म्हणून डॉक्टरांनी मला कोरा टूथब्रश दिला. "दोन्ही बाजू नीट घासायच्या," म्हणाले. "निबंधातसुद्धा."

पुढच्या सत्रात पहिला बाक रिकामा होता. बाईंनी नवा पेच मांडला आणि सवयीनं तिकडे बघून थांबल्या. मग म्हणाल्या, डॉक्टर सुट्टीत वारले. बाईंनीच टेबलावर हलकेच ठोकलं. आम्ही सगळ्यांनी बाक वाजवले, बराच वेळ.

आणि मग, आमच्या शाळेत बसायचो तसे, सगळे गप्प बसलो.