भ्यायची शिफ्ट

पावसाळ्यात रोज सकाळी उजाडलं की भिंतीपलीकडून एक खणखणीत आवाज यायचा, "पानी कसं हाय रे? निवळ का गढूळ?" महाडच्या शाळेत बदलून आले तेव्हा पहिले काही दिवस मला वाटलं, शेजारचे गृहस्थ नगरपालिकेतल्या कुणाला तरी नळाच्या पाण्यावरून फैलावर घेतायत. शेजारधर्म म्हणून एकदा मीही खिडकीतून ओरडले, "काका, आमच्याकडेपण गढूळच येतंय. माझीही तक्रार सांगा!" रामजीकाकांनी फोन कानाशी तसाच धरून माझ्याकडे पाहिलं. चेहऱ्यावर राग नव्हता, पण तो पांढराफटक पडला होता. "बाई, तुमच्या नळाला गढूळ आलं तर तुरटी फिरवाल," ते म्हणाले. "आमच्या झऱ्याला आलं तर पळावं लागंल."

काका मूळचे पोलादपूरच्या वरच्या अंगाच्या एका वाडीतले. डोंगराच्या पायथ्याला थोडीशी घरं आणि वर झरा. पावसात झऱ्याचं पाणी एकाएकी गढुळलं तर आत माती सुटली असं समजायचं, हे तिथल्या पोरासोरांनाही ठाऊक. काकांची सगळी नोकरी औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात शिफ्टमध्ये गेली आणि बिऱ्हाड महाडात, नदीच्या अंगाला, त्यांच्या बायकोच्या, सुमनकाकूंच्या, माहेरच्या गल्लीत. काही वर्षांपूर्वी एका आषाढात सावित्रीचं पाणी गल्लीत शिरलं. त्या दुपारी काका काकूंचे तांदळाचे डबे माळ्यावर चढवत होते. तेवढ्यात वाडीतून थोरल्या भावाचा फोन आला, झरा गढुळलाय. "समद्यांना घेऊन भाईर पड," काका ओरडले. भावानं बायकोला आणि मुलाला पुढे धाडलं आणि गुरं सोडायला स्वतः मागे राहिला. डोंगर आला तो गोठ्यावरच आला. इकडे गल्ली पाण्याखाली आणि वरचा रस्ता दरडीनं बंद. काका वाडीत पोचले तेव्हा करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

हे सगळं मला काकूंनी सांगितलं. काकांनी त्याबद्दल कधी चकार शब्द काढला नाही. त्यांचा पुतण्या आणि भावजय जमिनीपायी अजून वाडीतच होते, थोडं अलीकडे घर बांधून. काका रोज सकाळी पुतण्याला फोन करायचे आणि "निवळ हाय" हे दोन शब्द ऐकल्याशिवाय तोंडात पाण्याचा थेंब घ्यायचे नाहीत.

काकूंची भीती वेगळी होती. त्या जन्मल्या महाडात, वाढल्या महाडात, आणि लहानपणापासून त्यांनी पाणी घरात येताना पाहिलेलं. त्यांच्या घरात प्रत्येक कपाटाचा खालचा कप्पा बारा महिने रिकामा. माझ्याकडे पहिल्यांदा आल्या तेव्हा नाव-गाव विचारण्याआधी त्यांनी मान वर करून विचारलं, "तुमच्याकडे माळा आहे ना? मजबूत आहे ना?" नवराबायकोचं एरवी छान चालायचं, पण कुणाची भीती मोठी यावर दर पावसाळ्यात त्यांची जुंपायची.

"पानी परवडलं," काका बशीत चहा ओतत म्हणायचे. "पानी पायरी पायरीनं चढतं, मानसाला माळ्यावर जायाला येळ देतं. डोंगूर येळ देत नाय."

"डोंगर एकदाच येतो," काकू फणकारायच्या. "पाणी दर साल येतं. दर साल मरायचं का माणसानं?"

मी आले त्याच वर्षी नगरपालिकेचा पुराच्या इशाऱ्याचा भोंगा वाजला. असला भोंगा मी जन्मात ऐकला नव्हता. मी धावत शेजारी गेले तर काकू जिन्याच्या पायरीवर बसून पानासारख्या थरथरत होत्या आणि काका शांतपणे चहा टाकत होते. मला चीड आली. म्हटलं, अहो, काही करा! काका आलं ठेचता ठेचता म्हणाले, "बाई, घरात एका येळेला एकानंच भ्यायचं. दोघंबी भ्याली तर चूल कोन पेटवील? आज हिची शिफ्ट हाय. डोंगराकडं धडधडलं की माजी लागते." पाणी त्या वेळी चौकातूनच परत गेलं, पण तो चहा मी विसरले नाही.

त्यांचा मुलगा महेश परदेशी बोटीवर स्वयंपाकघरात होता. हजारो माणसं महिना महिना फिरायला जातात तसल्या बोटी. गणपतीला तो कित्येक वर्षं घरी नव्हता. एका संध्याकाळी त्याचा फोन आला आणि काका-काकू दोघं माझ्या दारात उभे राहिले, परीक्षेचा निकाल लागल्यासारखे. महेश बोटीची नोकरी सोडणार होता, एकच शेवटची फेरी उरली होती. कंपनी त्या फेरीत आईवडिलांना बरोबर न्यायला देत होती. दोन बोटींपैकी तो कुठलीही मागून घेऊ शकत होता, तुम्ही म्हणाल ती घेतो म्हणाला. "मी काय करतो ते एकदा येऊन बघा," असंही म्हणाला. काकू म्हणाल्या, "एकदाच बघायला मिळेल हो, बाई. नंतर तो बोटीवर नसणार." मी भूगोल शिकवते, म्हणून निवाडा माझ्याकडे आला होता.

मी नकाशाचं पुस्तक उघडलं. एक बोट उत्तरेची. नॉर्वेच्या किनाऱ्यानं, जिथे समुद्र चिंचोळा होऊन उंच डोंगरांच्या आत आत शिरतो, तिथून फिरणारी. ती आपल्या आषाढात निघणार. दुसरी दक्षिणेची. सिंगापूरहून ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड. ती त्यापुढच्या थंडीत, आणि तिच्या वाटेत दिवसचे दिवस नुसता समुद्र. काकांचं बोट दक्षिणेच्या निळ्या रंगावरून सरसर फिरलं. "हे समदं पानीच? डोंगूर येक नाय? हीच घ्या!" काकूंनी त्यांचा हात बाजूला सारला. "किनारा दिसत नसेल तर मी मरेन. ही वरची घ्या, दोन्ही बाजूंना जमीन आहे." काकांनी पान उलटून नॉर्वेचा फोटो पाहिला. वरून सुटलेले कडे, त्यावरून कोसळणारं पाणी आणि खाली इवलीशी बोट. त्यांनी पुस्तक मिटलं. "हितं मानसं पैशे देऊन जातात?" त्यांनी अगदी खऱ्या कुतूहलानं विचारलं.

मग आठवडाभर माझं घर म्हणजे कोर्ट झालं. काका बाजारात गेले की काकू यायच्या, काकू देवळात गेल्या की काका. काकू म्हणायच्या, "ह्यांना समजावा, तिथले डोंगर काही आपल्या वाडीतले नाहीत." काका मात्र खालमानेनं बसायचे. एकदा म्हणाले, "डोंगराचं सोडा. ती बोट आषाढात हाय, बाई. आषाढात मी हितं नसलो तर?" मला तेव्हा कुठे कळलं की ते नॉर्वेला भीत नव्हते. आपण परत एकदा वेळेला जागेवर नसू, याला भीत होते. मी नकाशाचं पुस्तक कपाटात ठेवून दिलं.

महेशला दोन दिवसांत सांगायचं होतं. काका म्हणाले, वाडीच्या देवीला कौल लावू. काकू कबूल झाल्या, पण साक्षीदार म्हणून मला बरोबर धाडलं. "हे खोटं सांगायचे नाहीत, पण घाबरले की ह्यांना डावं-उजवं कळत नाही." पोलादपूरपर्यंत एसटीनं आणि पुढे जीपनं आम्ही वाडीत पोचलो. डोंगराच्या अंगावर अजून लाल मातीचा लांब चरा दिसत होता. काका त्याच्याकडे तोंड करूनच चालत राहिले. पाठ एकदाही दिली नाही.

वाघजाईचं देऊळ छोटं. म्हाताऱ्या गुरवानं दोन पाकळ्या ओल्या करून देवीच्या दोन खांद्यांना चिकटवल्या. काका हात जोडून म्हणाले, "आई, उजवी दिलीस तर मोकळ्या दर्याची बोट, डावी दिलीस तर डोंगरातली." आम्ही वाट पाहिली. एकही पाकळी हलेना. गुरवानं पाकळ्या बदलल्या, पुन्हा गाऱ्हाणं घातलं. तरी काही नाही. काकांच्या कपाळावर थंडीत घाम आला. शेवटी गुरवच कंटाळला. "रामजी, तुजा सवाल शिवेच्या भाईरचा हाय. तितल्या दर्यावर आईचं काय चालनार? ती वाडी राखते. शिवेच्या आतलं काय ते ईचार, भाईरचं तुजं तू बघ."

काकांनी पुन्हा हात जोडले. मग इतक्या हळू बोलले की मला पुढे वाकावं लागलं. "आई, त्या दिवशी मी हितं नव्हतो. औंदाच्या आषाढात पन नसंन. चालंल का?"

उजवी पाकळी पडली, म्हणजे देवीचा होकार. पाकळी का पडते याची चार कारणं मी वर्गात फळ्यावर लिहून दाखवली असती. दार उघडं होतं, वारा होता. पण माझ्या अंगावर सरसरून काटा आला, आणि काका तोंडात पंचा धरून लहान मुलासारखे रडले. गुरव आपला दिव्याची वात सारखी करत राहिला.

परतीच्या वाटेवर ते म्हणाले, "मह्याला डोंगरातली सांगा."

"तुम्हाला भीती नाही वाटणार?"

"वाटनार की. पन ती वळखीची हाय. हिला त्या मोकळ्या दर्यात बिनवळखीची वाटंल. म्हातारपनी मानसाला नवी भीती लावू नये, बाई."

ते गेले. महेशनं बोटीवरून व्हिडिओ पाठवले. सगळे प्रवासी धबधब्यांचे फोटो काढतायत आणि काका कानटोपी घालून कठड्याशी उभे, कड्यांवर नजर रोखून, जणू कामावर आहेत. कुठलं झाड कललंय, कुठे भेग आहे, याची चौकशी ते इंग्रज प्रवाशांकडे मराठीत करायचे म्हणे. काकूंना बोट भलतीच आवडली होती. फोनवर त्या ओरडून सांगायच्या, "पाणी चढलं की घरपण चढतं हो, बाई! माळा नको नि काही नको!" महेशचं स्वयंपाकघर पाहून त्या म्हणाल्या, एवढ्या माणसांचं रांधतो आणि घरी साधी पोळी लाटत नव्हता.

इथे मात्र आषाढ माजला होता. एका सकाळी काकांचा फोन आला तो किंचाळतच. "बाई, वाडीला फोन लागत नाय! कालपासनं नाय लागला!" मी पुतण्याला लावला, नाही लागला. पोलादपूरला ओळखीच्यांना विचारलं, त्यांनी वर जाणारा रस्ता बंद असल्याचं सांगितलं. दिवसभर शाळेत मी काय शिकवलं ते देव जाणे, फळ्यावर डोंगर काढायला माझा हात उठेना. तिकडे काका खोलीच्या कोपऱ्यात अंग चोरून बसले होते. अशा वेळी, कठड्याला घट्ट धरल्याशिवाय कधी बाहेर न पडलेल्या काकू एकट्या, हलत्या बोटीवरून, पाण्याकडे बघत बघत महेशला शोधायला गेल्या. त्याच्याकडून चहा घेऊन आल्या आणि काकांच्या हातात कप देऊन म्हणाल्या, "भ्या तुम्ही. मी आहे." महेशनं हे मला नंतर सांगितलं. संध्याकाळी पुतण्याचा फोन मला लागला. टॉवर पडला होता, बाकी काही नाही. "झरा निवळ हाय, बाई, सांगा काकाला." मी सांगितलं. मग काका म्हणाले, "हितलं पन निवळ हाय."

परत आल्यावर काका माणसात आले. फोन करायचे, पण उत्तर ऐकून डोंगराविषयीच नाही तर पोराबाळांविषयीही बोलायचे. त्यानंतरच्या हिवाळ्यात त्यांचं हृदय थकलं. दवाखान्यात त्यांनी डोंगर दिसणाऱ्या खिडकीकडची खाट मागून घेतली आणि मग खिडकीकडे पाठ करून निजले. काकू मला म्हणाल्या, "बघा, आज पहिल्यांदा पाठ केली." दुसऱ्या दुपारी ते गेले. मला फार एकटं वाटलं, माझे सख्खे असते तरी इतकं वाटलं नसतं.

यंदा पुन्हा भोंगा वाजला. मला आधी काका आठवले आणि मग माझी भीतीनं गाळणच उडाली, कारण आता काकूंना धरणारं कुणी नव्हतं. महेश कामाला मुंबईत. पावसातून धावत मी त्यांच्या घरात शिरले. गल्लीच्या टोकाला पाणी आलेलं दिसत होतं. जिन्याच्या पायरीवर कुणी नव्हतं. काकू खिडकीशी उभ्या होत्या, फोन कानाला लावून, आणि खणखणीत आवाजात विचारत होत्या, "पाणी कसं आहे रे? निवळ ना?"

पलीकडचं उत्तर ऐकून त्यांनी फोन खाली ठेवला. माझ्याकडे वळल्या. माझे दात वाजत होते. त्यांनी मला धरून पायरीवर बसवलं, गॅस पेटवला आणि आलं ठेचायला घेतलं.

"भ्या, बाई, खुशाल भ्या," त्या म्हणाल्या. "आज शिफ्ट तुमची."