आबांच्या डोक्यामागची भिंत

रंगांतलं मला कळतं, असा बावीस वर्षं माझा समज होता आणि त्या समजापोटी मला दर महिन्याला पगारही मिळत होता. मी नगरच्या एका हायस्कुलात चित्रकला शिकवते. निळ्यात पिवळा मिसळला की हिरवा होतो, हे मी आजवर शेकडो पोरांच्या गळी उतरवलंय. पण स्वतःच्या हॉलला कुठला रंग द्यावा हे काही मला कळलं नाही, आणि त्यापायी घरातलं एक माणूस गेलं. (गेलं म्हणजे गावी गेलं. घाबरू नका. पण त्यापेक्षा हे बरं की वाईट, ते तुम्हीच ठरवा.)

ते माणूस म्हणजे माझे सासरे, आबा. सासूबाई वारल्यावर ते पारनेरजवळच्या आमच्या गावात एकटेच राहत होते. एकदा न्हाणीत पाय घसरून पडले आणि शेजारीण दूध घेऊन येईपर्यंत दोन तास तसेच पडून राहिले. तेव्हापासून त्यांना नगरला आणायचंच, असं आम्ही ठरवलं. आमचे हे दर शनिवारी गावी जाऊन विनवायचे आणि आबा दर शनिवारी "बगू फुडं" म्हणायचे. सहा महिने असेच गेले. शेवटी मी गेले, त्यांची पिशवी भरली आणि म्हणाले, "आबा, तुम्ही येणार नसाल तर मीच इथं राहते. शाळेला कळवते तसं." ते हसले आणि आले. माझ्या बाजूनं लिहिण्यासारखं या सगळ्या हकिकतीत एवढंच आहे.

आबांचा त्रास म्हणाल तर काहीच नाही. ताटात पडेल ते खायचं, टीव्हीवर लागेल ते बघायचं. फक्त एकच सवय. सकाळी आंघोळ झाली की ओंजळभर खोबरेल तेल डोक्यावर थापायचं आणि हॉलमधल्या दिवाणावर बसून मागच्या भिंतीला निवांत डोकं टेकायचं. भिंत सायीच्या रंगाची. पहिल्या महिन्यात तिच्यावर रुपयाएवढा डाग पडला, संक्रांतीला तो पुरीएवढा झाला आणि होळीपर्यंत त्याचं थालीपीठ झालं!

हळदीकुंकवाला आलेल्या आमच्या शाळेतल्या बाई त्या डागाकडं बघून म्हणाल्या, "अगंबाई, भिंतीला ओल आली का हो?"

"हो ना," मी म्हणाले, "ओलच आहे."

ओल! आमच्या भागात! जिथं नळाला दिवसाआड पाणी येतं आणि तेही करंगळीएवढ्या धारेनं! बाईंनी माझ्याकडं जरा बघितलं आणि वाण उचललं.

मग मी भिंतीला टॉवेल लावून बघितला. आबांनी तो काढून घडी घालून ठेवला. "नवा कोरा हाय. माझ्या डोक्यानं खराब हुईल की." मी उशी ठेवली, त्यांनी ती कमरेला घेतली. मी ह्यांना म्हणाले, "तुम्ही सांगा ना त्यांना, तेल जरा कमी लावा म्हणून."

"मी? तू सांग."

"वडील तुमचे आहेत."

"घर तुझं आहे."

घर माझं असल्याचं मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. (एरवी गॅस संपला की मग ते माझं असतं.) थोडक्यात, एक साधं वाक्य बोलायला नको म्हणून आम्ही दोघा शिकल्यासवरलेल्या माणसांनी घर रंगवायला काढलं. डाग जात नाही ना? मग रंगच असा द्यायचा, की डाग दिसणारच नाही! स्वतःच्या हुशारीवर मी इतकी खूश झाले, की त्या रात्री शिरा केला. आबांनी दोनदा मागून घेतला.

शेडकार्ड घेऊन आला आमचा नेहमीचा नवनाथ पेंटर. मी बोट ठेवलं तो रंग बघून त्यानं कार्ड उजेडात नेलं, परत आणलं.

"मॅडम, ह्यो काळा हाय."

"काळा नाही रे. गडद निळा आहे. त्यात किंचित राखाडी झाक आहे."

"डब्यात असंल झाक. भिताडावर काळाच दिसतोय."

"नवनाथ, मी चित्रकला शिकवते."

"मंग ऱ्हायलं," नवनाथ म्हणाला. त्याची जिरवायला म्हणून मी त्याला स्वयंपाकघरात नेलं आणि हळू आवाजात खरं कारण सांगितलं. हे करायला नको होतं. त्याची मान लगेच डोलली. "आस्सं व्हय! मंग बराबर हाय."

आबांना आम्ही फॅशन सांगितली. "आबा, हल्ली सगळे हॉलला गडदच रंग देतात."

"द्या की. शिकलेली मानसं तुमी."

मुळात एकच भिंत रंगवायची होती. पण ती झाल्यावर बाकीच्या तिघी तिच्यापुढं कावीळ झाल्यासारख्या दिसायला लागल्या, म्हणून त्याही रंगवल्या. नवनाथनं दोन-दोन हात मारले आणि आमच्या हॉलमध्ये अमावास्या आली. भर दुपारी बारा वाजता ट्यूबलाइट लावावी लागे. आम्ही तिघं समोर बसलेलो असताना दूधवाला दारातून विचारायचा, "हाय का कुनी घरात?" शिवाय नगरची धूळ! ती सायीच्या रंगावर कधी दिसली नव्हती. आता रोज सकाळी भिंतींवर कुणीतरी पीठ चाळल्यासारखं दिसायचं. मी शाळेत जाण्याआधी एक आणि आल्यावर एक अशा दोन वेळा भिंती झाडायला लागले. पण तोंडानं म्हणायचे, "काय क्लासिक दिसतंय!" आबाही मान डोलवायचे. "झॅक हाय. उन्हाळ्याचं गार वाटंल." आणि आपल्या जागी बसून डोकं टेकायचे.

नवव्या दिवशी डाग दिसला.

साधासुधा नाही. रंग घेतला होता मॅट, अजिबात न चमकणारा. त्यावर तेलाचा तो गोल असा लखलखत होता, की ट्यूब लावली की आधी तो दिसायचा आणि मग माणसं. काळ्या कागदावर तेलखडू किती उठून दिसतो, हे मी सातवीच्या वर्गाला दर वर्षी शिकवते. दर वर्षी! प्रात्यक्षिकासह!

रविवारी आबा मंदिराच्या कट्ट्यावर गेल्याचं बघून मी नवनाथला बोलावलं. नेमकी त्याच दिवशी माझी नणंद संगीता कर्जतहून न सांगता आली. ("वहिनी, रंग बघायला आले!") तिनं अजून चप्पल काढली नव्हती तोवर मागून आबाही आले, कट्ट्यावर कुणी नव्हतं म्हणे. हॉलमध्ये मी, हे, संगीता, आबा आणि डागापुढं हात मागं बांधून उभा असलेला नवनाथ.

"काय झालं रं?" आबांनी विचारलं.

"काही नाही आबा, जरा फिनिशिंग..." मी म्हणाले.

"फिनिशिंग नव्हं मॅडम," नवनाथला कामाचा अपमान सहन होत नाही. "काम माझं एक नंबर हाय. तुमीच म्हनल्या हुत्या, म्हाताऱ्याचं डोकं दिसाया नको आसा रंग दे. आता मॅटवर त्याल दिसनारच की! त्याला मी काय करू?"

मी 'सासऱ्यांचं' म्हणाले होते की 'म्हाताऱ्याचं', हे आता मला आठवत नाही. (आठवतंय.)

संगीता उसळली. "म्हणजे माझ्या बापाच्या डोक्याची लाज वाटते होय तुम्हाला? एवढ्यासाठी आणलं त्यांना? आणि दादा, तू काय करत होतास?"

ह्यांनी छताकडं बघितलं. छत तेवढं पांढरं राहिलं होतं.

आबा पुढं झाले. डाग त्यांनी जवळून नीट बघितला. स्वतःच्या डोक्याचा ठसा त्यांनी बहुधा पहिल्यांदाच बघितला असावा. मग खांद्यावरचं उपरणं घेऊन तो पुसायला लागले. पुसता पुसता थालीपिठाची परात झाली. "न्हाई निघत," ते म्हणाले. "संगे, वराडू नगं. त्यांचं काय चुकलं? भिताड चांगलंच पायजे. आदी सांगायचं की मला, सुनबाई. मी काय न्हाई म्हनलो आस्तो?"

ते खरोखरच नाही म्हणाले नसते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवसापासून आबांनी तेल बंद केलं. बाटली मी त्यांच्यापुढं नेऊन ठेवली, ती त्यांनी परत मोरीत नेऊन ठेवली. "आबा, लावा ना तेल. माझं चुकलं." "न्हाई गं, डोकं लई हलकं वाटतंय आता." हलकं कसलं! दुपारी कपाळ दाबत बसायचे. दिवाणाच्या कडेवर, पाठ ताठ, भिंतीपासून वीतभर लांब. सगळी भिंत परत रंगवते असं मी म्हणाले, तर आबा म्हणाले, "लोक हसतील. घर हाय का शाळंतला फळा?" आणि तेल नसलं तरी भरवसा नको म्हणून घरातही टोपी घालून बसायला लागले.

शहरातल्या लोकांना यात काय एवढं, असं वाटेल. आमच्याकडं म्हातारा माणूस स्वतःच्या घरात आला की आधी टोपी काढून खुंटीला लावतो. टोपी घालून बसतो तो पाहुणा, नाहीतर निघालेला माणूस. दारात येईल तो शेजारी विचारायचा, "काय आबा, कुठं निघालात?" आबा म्हणायचे, "कुटं न्हाई, बसलोय." असं पंधरा दिवस चाललं. सोळाव्या दिवशी कुणीतरी विचारलं, "कुठं निघालात?" तर म्हणाले, "गावाला. कांदं काढायचंय. मानसं मिळंनात."

ह्यांनी पिशवी उचलली. मी रडले, हात धरला, नाही नाही ते बोलले. आबांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. तो हात कोरडा होता. "यीन की परत," ते म्हणाले. कांदे काढून झाले, कांदाचाळीत भरून झाले, पुढच्या सालचे लावूनही झाले. आबा आले नाहीत. ह्यांनी गावच्या न्हाणीत धरायला लोखंडी दांडा बसवून दिला आणि शेजारणीला सकाळ-संध्याकाळ डोकवायला सांगितलं. तरीही तिचा फोन आला की मी आधी "आबा बरे आहेत ना?" एवढंच विचारते.

गावात आबांनी काय सांगितलं, ते मला पुढं एका लग्नात कळलं. एक चुलत सासूबाई माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, "तू लई हौसंनं घर रंगवलं गं, पन आबांच्याच डोळ्याला सोसंना. अंधारी येती म्हनत्यात त्येन्ला. त्येला तू काय करशील?" मी मान खाली घातली. त्यांना वाटलं, किती गुणाची सून आहे.

गेल्या आठवड्यात संगीताचा फोन आला. त्या रविवारनंतर ती माझ्याशी कामापुरतंच बोलायची. त्या दिवशी आवाज एकदम मऊ.

"वहिनी, जेवलात का? ऐका ना, तो तुमच्या हॉलचा रंग कुठला होता हो?"

"का गं?"

"काही नाही. आमचे मामंजी आता कायमचे आमच्याकडंच येतायत राहायला." तिनं आवाज खाली आणला. "ते पण तेल लावतात."

माझ्याकडं तिला सांगण्यासारखं खूप होतं. संगे, राहू दे तो डाग, म्हणावं. भिंत काय, कधीही रंगवता येते. माणूस उठून गेलं की ती नुसती स्वच्छ राहते आणि आपण तिच्याकडं बघत बसतो. ठेच आम्हाला लागलीय, तू तरी शहाणी हो. हे सगळं अगदी ओठांवर आलं होतं. बावीस वर्षं मी दुसऱ्यांच्या पोरांना शिकवतेय. शिकवायचं कसं ते मला कळतं.

मी घसा साफ केला आणि म्हणाले, "मॅट घेऊ नकोस, चकचकीत घे. आणि पेंटरला कारण सांगू नकोस."