सतरा नंबरचा शिक्का

द्राहोमीरा कुबेशोवाने मोरावियातल्या शस्त्रांच्या कारखान्यात चौतीस वर्षे तपासनीस म्हणून काढली. टेबलावर आलेला नग मोजायचा, बरोबर असला तर त्यावर सतरा नंबरचा बारीक शिक्का मारायचा, नसला तर लाल पेटीत टाकायचा, एवढे तिचे काम. लाल पेटीतल्या नगावरून कोणी हुज्जत घालायला आले की ती मापयंत्र त्याच्या हातात देऊन म्हणायची, "तूच बघ." माणूस बघायचा आणि निमूट परत जायचा.

ती निवृत्त झाली तेव्हा सोबत्यांनी वर्गणी काढून तिला पिस्तूल दिले. त्याची स्लाइड, म्हणजे गोळी सुटली की मागे-पुढे सरकणारा वरचा भाग, त्यांनी मुद्दाम शोधून आणली होती. तिनेच कधीकाळी पास केलेली. पाठीवर, नेम धरायच्या खाचेच्या जरा पुढे, सतराचा आकडा होता. कपाटात जपून ठेवायची वस्तू नव्हती ती. गावच्या नेमबाजी मंडळाचे मैदान बंद पडलेल्या दगडखाणीत आहे. तिथे दर शनिवारी द्राहोमीरा त्याच पिस्तुलाने लोखंडी ताटल्या पाडायची. मंडळाच्या चौघांच्या संघात तिची जागा बावीस वर्षे ठरलेली होती.

चौसष्टाव्या वर्षी ती जागा डळमळली. मागच्या खाचेतून नळीच्या टोकावरची माशी, म्हणजे नेमाचा बारीक खुंट, बघायची आणि चाप ओढायचा, ही तिची आयुष्यभराची रीत. आता जवळचा चष्मा लावला तर माशी स्वच्छ, पण ताटल्या धुक्यात. लांबचा लावला तर ताटल्या दिसत आणि माशी गायब. मेच्या स्पर्धेत तिच्या सहा ताटल्या उभ्याच राहिल्या.

संघाची कप्तान इवोना पोस्टात काम करायची. वयाने द्राहोमीराच्या निम्मी.

"मावशी, मी गोड बोलणार नाही," ती म्हणाली.

"कधी बोलली होतीस?"

"सप्टेंबरच्या स्पर्धेची यादी मी ऑगस्टच्या शेवटच्या शनिवारी लावणार. तोवर लाल ठिपक्याची काच बसवून घे. काचेतून बघायचं, ठिपका ताटलीवर आला की चाप ओढायचा. आपल्या गटात आता ती चालते, फक्त स्लाइडवर बसलेली हवी. नाहीतर मला दुसरा माणूस बघावा लागेल."

द्राहोमीरा पिस्तूल घेऊन लोइझाकडे गेली. लोइझा कारखान्यातला जुना हत्यार-कारागीर. आता घरामागच्या कार्यशाळेत मंडळींची पिस्तुले दुरुस्त करायचा. लाल पेटीवरून तिच्याशी सगळ्यांत जास्त भांडलेला माणूस तोच.

"तीन वाटा आहेत," तो म्हणाला. "खालच्या सांगाड्याला कमान जोडून काच वर धरायची. स्लाइड हलते, काच जागची हलत नाही. पण मग तुला खुल्या गटात उतरावं लागेल. तिथली पोरं आजी म्हणतील."

"म्हणू देत. पण आपला संघ त्या गटात नाही. पुढं बोल."

"मागच्या खाचेचा तुकडा काढून त्याच्या चरीत पट्टी सरकवायची आणि पट्टीवर काच. स्लाइडला ओरखडाही नाही. पण काच उंच बसते, टोपीवर टोपी घातल्यासारखी. तिसरी वाट म्हणजे स्लाइडच कोरायची आणि काच आत बसवायची. ठिपका हाताच्या सवयीच्या जागी येतो." त्याने कोरायच्या जागी बोट ठेवले. बोटाखाली सतरा झाकला गेला.

"हा जाईल."

"जाणारच."

"काढलेलं लोखंड परत येत नाही, लोइझा. पट्टी लाव."

"मला वाटलंच होतं," असे म्हणत त्याने खण उघडला.

पट्टी बसली आणि द्राहोमीराचा नेम आणखी बिघडला. दोन शनिवार ती कुरकुरत राहिली, काच उंच आहे, ठिपका शोधावा लागतो. इवोना काही वेळ तिच्या शेजारी उभी राहून तिचे डोळे बघत राहिली. मग तिने चिकटपट्टीचा तुकडा तोडून काचेवर पुढच्या बाजूने चिकटवला.

"आता मला काचेतून ताटलीच दिसत नाही," द्राहोमीरा म्हणाली.

"ठिपका दिसतो ना? दोन्ही डोळे उघडे ठेव आणि ताटलीकडे बघ. चाळीस वर्षं माशीकडे टक लावून बसलीस, आता ठिपक्याकडे बसतेस. त्याला काय बघायचंय? तो येतो आपणहून."

एका डोळ्याला ठिपका, दुसऱ्याला ताटली, आणि दोन्ही एकावर एक आली. त्या दिवशी शेवटच्या फेरीत बारापैकी अकरा ताटल्या पडल्या.

"झालं तर. पट्टीच राहू दे," इवोना म्हणाली.

द्राहोमीरालाही तेच हवे होते. शिक्काही राहिला, जागाही राहणार. फक्त पट्टी बसवली त्या दिवशी तिने सवयीने पट्टी आणि स्लाइड दोन्हींवरून नखाला लावायच्या पांढऱ्या रंगाची एक रेघ ओढली होती. चारशे गोळ्यांनंतर ती रेघ केसभर तुटली, म्हणजे पट्टी सरकली होती. गोळ्या डावीकडे पडू लागल्या. लोइझाने पट्टी आवळून दिली, नवी रेघ ओढली. तीनशे गोळ्यांनंतर ती पुन्हा तुटली.

"स्पर्धेला दीडशेच गोळ्या लागतात," लोइझा म्हणाला. "आदल्या दिवशी आवळून देतो. कुणाला कळणार नाही."

द्राहोमीराने भिंग त्याच्यापुढे धरले. "तूच बघ."

त्याने बघितले. बराच वेळ बघितले. "हा नग तुझ्या टेबलावर आला असता तर?"

"लाल पेटी."

तिने स्लाइड उतरवून त्याच्या कोरायच्या यंत्राशेजारी ठेवली. घरी मधमाश्यांची कामे पडली होती, नवरा बेद्रिख एकटाच होता, पण काम होईपर्यंत ती तिथून हलली नाही. पात्याखाली आधी सतरामधला एक गेला, मग सात. लोइझाने चुरा झाडून डब्यात टाकला. तिने कोरलेल्या भागाची खोली चारही कोपऱ्यांत मोजली.

"मागच्या कोपऱ्यात दोन शतांश मिलिमीटर जास्त आहे."

"हुज्जत घालू का?"

"मर्यादेत आहे."

काच बसली. मागच्या खाचेचा तुकडा चरीत परत गेला. लोइझाने आकड्यांच्या पंचांची पेटी पुढे सरकवली. "बाजूला सतरा मारून देऊ?"

"अजून तपासलं कुठंय?"

स्क्रूंवरून तिने नवी रेघ ओढली. पुढच्या तीन शनिवारी मिळून तिने सहाशे गोळ्या झाडल्या. यादीच्या दिवशी खाणीतल्या बाकावर बसून तिने रेघ भिंगातून बघितली. अखंड होती. भिंग तिने शेजारी बसलेल्या लोइझाकडे दिले नाही, आणि त्यानेही मागितले नाही.

"मग मारू आता?" त्याने विचारले.

"निवृत्त माणसाला शिक्का मारता येत नाही," ती म्हणाली.

इवोना मंडळाच्या खोपटाच्या दारावर यादी लावत होती. द्राहोमीराने जवळचा चष्मा लावला आणि खालून वर वाचत गेली. तिला फार वर जावे लागले नाही. चौथे नाव तिचेच होते.